'जळालेलं' सॉकेट

"दादा, सॉकेट जळालंय. बोर्ड गेला." कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचा एवढाच मेसेज आणि खाली दोन फोटो. एकात मदरबोर्डचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, सोनेरी पिनांच्या एका कोपऱ्यावर काळपट राखाडी डाग. दुसऱ्यात प्रोसेसरची खालची बाजू, तिथंही तसाच डाग. पोटात गोळा आला आणि दहा मिनिटांत 'ठीक आहे, नवा टाका' असं कळवून मी मोकळा झालो. असा फोटो उद्या तुमच्याही फोनवर येऊ शकतो, म्हणून लिहितोय.

सुरुवात अगदी किरकोळ होती. इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर, काही वर्षं रोजचा वापर. व्हिडिओ रेंडर करायला लावला की पंखा बोंबलायचा, तापमान १०० अंशांच्या आसपास जायचं आणि मशीन आपोआप मंदावायचं. प्रोसेसरची उष्णता वरच्या पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळली असणार हे मलाही कळत होतं. स्वतः करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. धूळ काढायची आणि पेस्ट बदलायची, बस्स.

मशीन परत आलं तेव्हा तापमान खरंच उतरलं होतं. मी खूश. चार दिवसांनी लक्षात आलं की १६ जीबी रॅममधली ८ जीबीच दिसतेय. फोन केला तर, "रॅम गेली असेल, घेऊन या." ठेवून आलो, आणि संध्याकाळी ते फोटो.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते आधी सांगतो, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी होती. या सॉकेटमध्ये १२०० बारीक, किंचित तिरक्या, स्प्रिंगसारख्या पिना असतात. प्रोसेसरच्या पोटाला तेवढ्याच सोनेरी टिकल्या. वरची लोखंडी चौकट दाबून बसवली की प्रत्येक पिन आपापल्या टिकलीला टेकते. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, म्हणजे रॅमकडे जाणारा रस्ताही याच पिनांमधून जातो. आणि आपली नेहमीची राखाडी थर्मल पेस्ट उष्णता वाहून नेते, वीज नाही. तिचा थर पिन आणि टिकलीच्या मध्ये आला की तेवढ्या पिनांचा संपर्क तुटतो आणि रॅमचं एक अख्खं चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांपैकी एक) गायब होऊ शकतं. काही जळत नाही, काही उडत नाही. नुसती घाण असते. (चंदेरी, पाऱ्यासारखा द्रव धातू वापरला असेल तर गोष्ट वेगळी. तो वीज वाहतो. त्याचा थेंब सॉकेटमध्ये दिसला तर मशीन चालूच करू नका.)

रॅम गेली की चॅनल गेलं, हे घरी पाहता येतं. मशीन बंद करून, वायर काढून, रॅमची एकच पट्टी एकेका स्लॉटमध्ये आळीपाळीनं लावायची. दोन्ही पट्ट्या एका चॅनलच्या स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये दोन्ही चालत नाहीत, म्हणजे पट्ट्यांचा दोष नाही. मग सॉकेटकडे बघायचं. मी यातलं काहीही केलं नाही.

नवा बोर्ड बसवून मशीन आणायला गेलो तेव्हा पूर्ण १६ जीबी दिसत होती. पैसे दिले, बिल मागितलं नाही. जुना बोर्ड मागितला तर तो म्हणाला, "काय करणार दादा त्याचं? भंगारच आहे, राहू द्या इथंच." माझी वस्तू न टाकण्याची जुनी खोड आहे, घरात सगळे वैतागलेले असतात. त्या खोडीपायी मी तो हट्टानं मागून घेतला. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, सॉकेट उघडंच. पिना वाकल्या नाहीत हे नशीब, कारण वाकलेली पिन बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

माझी मावसबहीण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीतच काम करते. पुढच्या रविवारी ती आली, बोर्ड हातात घेतला आणि म्हणाली, "अरे, आधी वास घे." मी घेतला. कसलाच वास नाही. जळालेलं सॉकेट बऱ्याचदा वासानंच ओळखू येतं, ती म्हणाली, आणि पिनांभोवतीचं प्लास्टिक फुगतं, तपकिरी पडतं. इथं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. तिनं भिंग लावून दाखवलं: डाग पिनांच्या टोकांवर ओला, चिकट, लोण्यासारखा बसलेला.

"ते फोटो दाखव." दाखवले. तिनं प्रोसेसरचा फोटो बोटांनी मोठा केला आणि काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. सोनेरी टिकल्यांवरच्या त्या राखाडी डागात अंगठ्याच्या रेषा होत्या. स्पष्ट, गोल गोल. पेस्टनं माखलेल्या हातानं त्यानं प्रोसेसर खालून धरला होता, तसाच सॉकेटमध्ये बसवला होता आणि स्वतःच्याच अंगठ्याचा फोटो काढून मला पाठवला होता.

मग ताईनं नव्या बोर्डातून प्रोसेसर काढला. त्याची खालची बाजू चकचकीत! म्हणजे नव्या बोर्डात टाकण्याआधी त्यानं डाग पुसला होता. जळालेली टिकली पुसून सोनेरी होत नसते. डाग पुसला जातो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मला राग आला तो इथं. घाण चुकून होऊ शकते, हात कुणाचाही माखतो. पण प्रोसेसर पुसून घ्यायचा आणि सॉकेट मात्र जळालं म्हणायचं, ही चूक नाही.

सॉकेट साफ करायला तासभर लागला, त्यात निम्मा वेळ वाट बघण्यात. ताईनं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं प्रोसेसरच्या वरच्या बाजूवर ठीक आहे, पण त्यात बरंच पाणी असतं, सॉकेटमध्ये नको. नेलपॉलिश काढायचं द्रव तर मुळीच नको, ते काही प्लास्टिक खातं. कापूस किंवा कापडही पिनांजवळ आणायचं नाही, धागा अडकला की पिन ओढली जाते. तिनं थेंब थेंब अल्कोहोल सोडलं, अगदी मऊ ब्रशनं, पिना जिकडे झुकल्यात त्याच दिशेनं, जवळजवळ वजन न देता फिरवलं, बोर्ड तिरका करून गढूळ द्रव कडेला टिश्यूनं टिपून घेतलं. पुन्हा थेंब, पुन्हा ब्रश. पाचव्या-सहाव्या खेपेला टिश्यू पांढरा राहिला. मी ब्रश मागितला तर दिला नाही, आणि बरोबरच केलं तिनं.

पूर्ण वाळू दिलं, प्रोसेसर कडांना धरून बसवला, वर मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट. मशीन चालू केलं. १६ जीबी. 'गेलेल्या' बोर्डावर.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. आधी म्हणाला, कार्बन होता, कधी कधी निघतो. अंगठ्याचं सांगितल्यावर थोडा वेळ शांत. मग, "आता चालू झालं ना दादा? मग झालं की." नवा बोर्ड परत घ्यायचं विचारलं तर वापरलेला माल परत होत नाही, असं उत्तर. पण तो 'नवा' तरी कुठं होता! बॉक्स मागितला होता तेव्हा 'बॉक्स येत नाही' म्हणाला होता. बोर्डावरच्या स्टिकरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी कधीच संपलेली निघाली. कुणाच्या तरी मशीनमधून काढलेला, कदाचित त्याचंही सॉकेट असंच 'जळालेलं'. बिल नसल्यामुळे पुढं तक्रार करायची तर हातात फारसं काही नाही. आहेत ते दोन फोटो आणि एक मेसेज.

दुरुस्तीला देताना आता मी रॅम किती दिसते त्याचा, आणि बोर्डावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवतो. काही जळालं म्हणून सांगितलं तर समोर उघडून दाखवा म्हणतो, आणि निदान प्रोसेसरची खालची बाजू तरी माझ्यासमोर पुसा म्हणतो.

तो दुसरा बोर्ड कपाटात पडून आहे. ताईनं सॉकेटवर लावायला प्लास्टिकचं झाकण दिलंय, तेवढं मात्र न विसरता लावलं.