आउटबोर्ड निवडताना: लांबच्या डीलरचं सरस इंजिन की जवळच्या डीलरचं साधं?

६० हॉर्सपॉवरच्या दोन चार-स्ट्रोक आउटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांची, माहितीपत्रकं शेजारी ठेवली, तर वजनात काही किलोंचा आणि पेट्रोलच्या खपात थोडासा फरक दिसतो. बोट पाण्यात गेल्यावर तो फारसा जाणवत नाही. पण एका इंजिनाचा डीलर अर्ध्या तासावर आणि दुसऱ्याचा पाच तासांवर असेल, तर तो फरक पहिल्या हंगामातच कळतो. त्यामुळे दोन इंजिनं तोडीस तोड असतील तर जवळ चांगली सर्व्हिस मिळते तेच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नेहमीच्या देखभालीपुरतं अंतर तितकं आड येत नाही. साधारण २० तासांनंतर पहिली सर्व्हिस आणि मग दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा पुढची, हे वेळापत्रक आधीच ठाऊक असतं. इंजिन ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल, स्पार्क प्लग, झिजलेले अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे) ही कामं सवय असलेला माणूस स्वतः करतो. वॉटर पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं रबरी चक्र) दोन-तीन वर्षांनी बदलायचा, वाळू-गाळाच्या पाण्यात त्याहून लवकर. तेही घरी जमतं.

अंतर नडतं ते अचानक बिघाड झाला की. समजा, भर पाण्यात अलार्म वाजला आणि इंजिनाने आपोआप वेग उतरवला. आधी इंजिन बंद करून, वर उचलून पाणी ओढणारी जाळी पाहायची. प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असेल तर काढायची. इंजिनातून बाहेर पडणारी कूलिंगच्या पाण्याची धार बारीक असेल तर तिच्या तोंडात पातळ तार घालून कचरा मोकळा करायचा. धार जोरात येते, तरी अलार्म थांबत नाही, असं झालं तर दोष थर्मोस्टॅटचा, सेन्सरचा की ऑइलच्या दाबाचा हे नुसत्या नजरेने कळत नाही. त्यासाठी कंपनीचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर लागतं. यामाहाचं वायडीआयएस, सुझुकीचं एसडीएस. प्रत्येकाचं वेगळं, आणि ते बहुधा अधिकृत डीलरकडेच असतं. जवळचा मेकॅनिक लॅपटॉप घेऊन धक्क्यावर येतो. डीलर लांब असेल तर अख्खी बोट ट्रेलरवर चढवा, नाहीतर इंजिन उतरवा. १५० हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक इंजिन २०० किलोंच्या वर भरतं. ते काढायला चेनपुली लागते आणि परत बसवल्यावर केबल, वायरिंग, स्टिअरिंग सगळं पुन्हा जोडावं लागतं.

आणखी मोठं नुकसान होतं चालढकलीने. गिअर ऑइल काढताना ते दुधाळ निघालं तर गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलंय हे नक्की. बहुतेकदा मासेमारीची तंगूस पंख्यामागे (प्रॉपेलरमागे) शाफ्टला गुंडाळली जाते आणि सील कापते. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला पुलर लागतो आणि नंतर हवेचा दाब देऊन गळती तपासावी लागते. जवळच्या दुकानात सील फळीवर असलं तर काम एक-दोन दिवसांत उरकतं. डीलर लांब असला की ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणत इंजिन तसंच चालवलं जातं, बेअरिंग गंजतात आणि शेवटी अख्खा गिअरबॉक्स बदलायची वेळ येते.

पंख्याचंही तसंच. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने ५००० ते ६००० आरपीएम गाठायला हवं आणि भरलेली बोट ४७०० वरच अडते, तर पंखा जड आहे. पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे इथे दोन इंचांनी उतरावं लागेल. जवळचा चांगला डीलर दोन-तीन पंखे लावून बघू देतो. लांबून मागवलेला पंखा चुकला की परत पाठवत बसा.

मात्र १० हॉर्सपॉवरपर्यंतच्या, हाताने वळवायच्या कार्बोरेटरवाल्या इंजिनांना हा नियम इतका लागू नाही. ती गाडीत घालून नेता येतात आणि त्यांना संगणक लागत नाही. अशा वेळी इंपेलर किट, दोन प्लग, शिअर पिन (पंखा अडकला की स्वतः मोडून गिअर वाचवणारी), कॉटर पिन, फ्युएल फिल्टर आणि स्टार्टरची दोरी जवळ ठेवा आणि डीलर लांबचा असला तरी खुशाल घ्या.

जवळचा म्हणजे चांगलाच, असंही नाही. दुकानात गेल्यावर तुमच्या मॉडेलचा इंपेलर, थर्मोस्टॅट आणि गिअरबॉक्सचा सील सेट आत्ता काढून दाखवायला सांगा. ‘मागवून देतो’ हे उत्तर आलं, तर ते जवळ असून लांबच. लॅपटॉप कोण चालवतं, हंगामाच्या तोंडाशी नंबर किती दिवसांनी लागतो, दुसरीकडे घेतलेल्या इंजिनाचं वॉरंटीचं काम करता का, हेही विचारा. स्वस्तात मिळणाऱ्या एव्हिनरूड ब्रँडच्या इंजिनाबाबतीत तर ही चौकशी आधी करा, कारण त्याचं उत्पादन २०२० मध्येच थांबलं.

लांबच्याच डीलरकडून घ्यायचं ठरलं, तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: वॉरंटीच्या कामाला मेकॅनिक बोटीपर्यंत येणार का, आणि न आल्यास वाहतुकीचा खर्च कोणाचा. बोट बाहेर काढणं आणि ओढून नेणं सहसा वॉरंटीत धरत नाहीत.