पाइप, फिफो, पोपेन की सॉकेटपेअर? सी मध्ये दोन प्रोसेसना बोलतं करायचं तर काय घ्यावं

सी मध्ये दोन प्रोसेस (म्हणजे चालू असलेले प्रोग्राम) एकमेकींशी बोलवायच्यात, पाइप घेऊ की फिफो की थेट शेअर्ड मेमरी (दोघींना दिसणारा मेमरीचा एकच तुकडा), असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारतो, दोघींचं नातं काय? म्हणजे एकीने फोर्क करून, म्हणजे स्वतःचीच प्रत काढून, दुसरीला जन्म दिलाय, का दोघी वेगवेगळ्या टर्मिनलवरून आपापल्या सुरू झाल्यात? स्पीड नंतर बघू. बहुतेक जण सुरुवात स्पीडपासून करतात आणि मग दोन रात्री हँग कुठे होतंय ते शोधत बसतात, मी पण बसलोय.

नातं आई-लेकराचं असेल तर साधा पाइप, म्हणजे एका टोकाने लिहायची आणि दुसऱ्याने वाचायची नळी, डोकं लावायचंच नाही. दोन खान्यांचा इंट ॲरे द्यायचा, पाइप() मारायचा, त्यात दोन टोकांचे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचे नंबर) येतात, एफडी[०] वाचायला आणि एफडी[१] लिहायला, मग फोर्क. कुठलं वाचायचं हे विसरत असाल तर स्टँडर्ड इनपुट ० आणि आउटपुट १ असतं, तसंच हे. डिस्कवर नाव नाही, मागे साफसफाई नाही, दोघी प्रोसेस मेल्या की पाइपही गेला. कल्पना तशी म्हातारी आहे, बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉयनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रोग्राम बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे एकाला एक जोडता आले पाहिजेत, आणि १९७३ मध्ये केन थॉम्प्सननी ते युनिक्समध्ये उतरवलं. इतकी वर्षं टिकलीये म्हणजे काहीतरी बरं असणारच.

गोची कुठे होते तर फोर्कनंतर. टोकं दोनाची चार होतात, दोन तुमच्याकडे दोन लेकराकडे, आणि नको असलेली बंद नाही केली की संपलं. माझा एक प्रोग्राम होता, पॅरेंट ओळी पाठवतो, चाइल्ड शब्द मोजतो आणि शेवटी आकडा छापतो. पॅरेंटने सगळं पाठवलं, आपलं लिहायचं टोक बंद केलं, तरी चाइल्ड काही आकडा छापेना. शेवटी प्रॉक (लिनक्सचा चालू प्रोसेसची माहिती दाखवणारा फोल्डर) मधलं त्या चाइल्डच्या पीआयडीचं (प्रोसेसच्या नंबरचं) एफडी फोल्डर उघडून बघितलं तर ३ आणि ४ दोन्ही एकाच पाइपच्या नंबरकडे बोट दाखवत होते. म्हणजे चाइल्डने स्वतःचं लिहायचं टोक उघडंच ठेवलेलं आणि तो स्वतःच्याच लिहिण्याची वाट बघत बसलेला! रीड() शून्य, म्हणजे ‘डेटा संपला’, कधी देतो, तर लिहायची सगळीच्या सगळी टोकं बंद झाली की. एक जरी कुठे उघडं राहिलं तरी नाही. क्लोजची एक ओळ टाकली, चालू झालं.

दुसरं म्हणजे पाइप एकाच दिशेने वाहतो. उत्तर परत हवं असेल तर दोन पाइप लागतात, आणि तिथे पाइप किती मावतो हे माहीत पाहिजे. लिनक्सवर डिफॉल्ट ६४ केबी (२.६.११ च्या आधीच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तर फक्त एक पेज, म्हणजे ४ केबी). आता समजा पॅरेंट आख्खी फाइल आधी लिहितो आणि मगच उत्तर वाचायला जातो, ५ केबीच्या टेस्ट फाइलवर एकदम मस्त चालतं, सरांना दाखवून होतं, आणि ३ एमबीची खरी फाइल दिली की चाइल्डचा उत्तराचा पाइप भरतो, तो राइटमध्ये अडकतो, त्यामुळे वाचायचं थांबवतो, मग पॅरेंटचा पाइप भरतो आणि तोही अडकतो. दोघी आधी तू आधी तू करत उभ्या. एफसीएनटीएल वापरून पाइप मोठा करता येतो पण तो उपाय नाही, दुखणं पुढे ढकलणं आहे. पोल() (कुठलं टोक तयार आहे ते सांगणारा कॉल) लावा नाहीतर थोडं लिहा थोडं वाचा.

दोन पाइपांची ही कटकट नको म्हणून सॉकेटपेअर. कॉल जवळजवळ पाइपसारखाच, एएफ_युनिक्स (म्हणजे एकाच मशीनमधलं बोलणं) द्यायचं, दोन डिस्क्रिप्टर मिळतात, पण दोन्हीतून वाचताही येतं लिहिताही येतं. प्रश्नोत्तरं असतील तर मी आजकाल हेच घेतो. शिवाय सॉकेटचा सॉक_सेकपॅकेट हा प्रकार घेतला तर एक मेसेज एकच मेसेज म्हणून पोचतो, पाइपमध्ये मात्र नुसते बाइट वाहतात, दोन राइट एका रीडमध्ये चिकटून येऊ शकतात. आणि उघडी फाइल एका प्रोसेसकडून दुसरीला देणं, हे पाइपला जमतच नाही, इथे जमतं. फक्त ‘माझं पाठवून झालं पण उत्तर हवंय’ हे सांगायला क्लोज चालत नाही, शटडाउन() लागतं. आणि वरचं आधी तू आधी तू इथेही होतं हां, त्यातून सुटका नाही.

नातंच नसेल तर फिफो, म्हणजे नाव असलेला पाइप. एमकेफिफो() ने डिस्कवर एक नाव तयार होतं, पण डेटा डिस्कवर जात नाही, कर्नलमधूनच जातो. पुण्याकडे इंजिनिअरिंगच्या ओएस लॅबमध्ये हे हमखास असतं, पहिली प्रोसेस वाक्यं घेते, दुसरी अक्षरं शब्द ओळी मोजून फाइलमध्ये लिहिते आणि दुसऱ्या फिफोवरून परत पाठवते. यात निम्म्या पोरांचं ओपनवरच अडकतं. फिफो उघडताना समोरच्याने दुसरं टोक उघडेपर्यंत ओपन() थांबून राहतो, त्यामुळे पहिल्या प्रोसेसने फिफो एक लिहायला उघडला आणि दुसरीने आधी फिफो दोन लिहायला उघडला की दोघी जन्मभर तिथेच. अजून एक अक्षरही गेलेलं नसतं! दोघींनी एकाच क्रमाने उघडायचं, आधी एक मग दोन, बास. आणि काम झालं की अनलिंक करा, म्हणजे ते नाव पुसा, नाहीतर नाव तसंच पडून राहतं आणि पुढच्या वेळी एमकेफिफो एररच देतो. दोन मशीनमध्ये हे चालणार नाही, फोल्डर नेटवर्कवरून शेअर केलेला असला तरी नाही.

पोपेन() बद्दल फार नाही बोलत. एखादी कमांड चालवून तिचं आउटपुट वाचायचंय तर तीन ओळींत काम होतं, पण ते शेलमधून जातं, सो यूजरने दिलेलं फाइलचं नाव त्यात चिकटवलंत तर सेमीकोलन टाकून तो काहीही चालवू शकतो. आणि एकतर वाचा नाहीतर लिहा, दोन्ही नाही. बंद करायला एफक्लोज नाही, पीक्लोज.

पाइप, फिफो, पोपेन तिघांनाही लागू अशी एक गोष्ट, प्रिंटएफ टर्मिनलवर ओळीओळीने दिसतं पण पाइपमध्ये जाताना बफर भरेपर्यंत धरून ठेवतं. ‘चाइल्ड काही पाठवतच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी एफफ्लश (बफरमधलं लगेच बाहेर ढकलणारा कॉल) टाकून बघा. आणि वाचणारा मेला असताना लिहिलंत तर सिगपाइप हा सिग्नल येतो आणि तुमची प्रोसेस गुपचूप मरते, एररही छापत नाही. तो इग्नोर करा, मग राइट() -१ देतो आणि एररनोमध्ये ईपाइप मिळतो. पाच-सहा चाइल्ड एकाच पाइपमध्ये लॉग टाकत असतील तर मात्र पाइपसारखं सुख नाही, लिनक्सवर एका राइटमध्ये ४०९६ बाइटपर्यंतचा मजकूर दुसऱ्याच्या मजकुरात मिसळत नाही. पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड) फक्त ५१२ ची हमी देतं, कोड दुसरीकडे न्यायचा असेल तर तेवढ्यात बसवा.

राहिली शेअर्ड मेमरी. सगळ्यात फास्ट, कारण कॉपीच नाही, पण कोण कधी लिहितंय याचं कुलूपकिल्ली तुम्हालाच सांभाळायचं, सेमाफोर आले, आणि एक प्रोसेस कुलूप घेऊनच मेली तर बाकीच्या बसल्या. मजकुराच्या ओळी पाठवायला हे म्हणजे शेजारच्या गल्लीत दूध आणायला ट्रक काढणं. पण १९२० बाय १०८० चा साधा आरजीबी फ्रेम ६२ लाख बाइटच्या वर जातो, डिफॉल्ट पाइप एकेका फ्रेमला ९५ वेळा भरून रिकामा करावा लागेल, तिथे शेअर्ड मेमरीच हवी. तसा एक प्रकार मी केलाय, फ्रेम सगळ्या शेअर्ड मेमरीत, आणि ‘नवीन फ्रेम आला’ हे सांगायला एक बाइट, तो मात्र पाइपमधूनच.