आईसाठी काय निवडायचं: फिरणं, योगवर्ग की घरचे व्यायाम?

गेल्या श्रावणात आई परसात घसरली. हाड मोडलं नाही, मनगट तेवढं सुजलं. पण त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर पाऊलच टाकेना, आणि मला धास्ती बसली ती त्याची. बसून राहिलं की पायातला जोर बघता बघता ओसरतो. बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत सल्ल्यांना तोटा नाही. त्यांतले तीन-चार पर्याय मी नीट तपासले.

पहिला सल्ला फिरायला न्या हा. व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारातली झाडी, सोबतीला मैत्रिणी. मन रमतं, साखर आटोक्यात राहते. पण नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं याला भक्कम पुरावा नाही. सपाट वाटेवर तोलाचा कस लागतच नाही. आई पडली ती शेवाळावर, बादली घेऊन वळताना. शिवाय आपल्याकडचा पाऊस. खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका.

योगवर्गानं तोल सुधारतो, पण पडणं किती कमी होतं याचे आकडे तोकडे आहेत. सगळं शिक्षकावर आहे. भिंतीशी उभं करून ताडासन, वृक्षासन करून घेणारा असेल तर जरूर घाला. तासभर मांडी घालून प्राणायामच असेल तर श्वासाला चांगलं, घोट्याला काही नाही. आणि हाडं ठिसूळ असतील तर पश्चिमोत्तानासन नको. पुढं वाकताना मणक्यावर दाब येतो.

आता खरी तुलना. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठात खास म्हाताऱ्या माणसांसाठी घरच्या घरी करायचे व्यायाम बसवले गेले. १९९७ साली छापून आलेली त्यांची चाचणी ऐंशी आणि त्यापुढच्या बायकांवरच होती. फिजिओथेरपिस्ट घरी येऊन शिकवतो आणि अधूनमधून येऊन व्यायामातलं वजन वाढवतो. आठवड्यातून तीनदा अर्धा तास: घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, टाचा वर करणं, खुर्चीतून उठबस, एका पायावर उभं राहणं, टाचेला चवडा लावत चालणं. जोडीला दोनदा फिरणं. अशा चार चाचण्या एकत्र पाहिल्यावर पडणं आणि त्यातल्या इजा ३५ टक्के कमी दिसल्या.

फ्रान्समध्ये ७५ ते ८५ वयाच्या, तोल थोडा ढळू लागलेल्या ७०६ बायकांची दोन वर्षं चाचणी झाली. आठवड्यातून एकदा गटात व्यायाम, बाकी घरी. इजा होणारं पडणं १९ टक्के कमी झालं. ३५ मोठा म्हणून लगेच ओटॅगो असं मात्र करू नका. माणसं वेगळी, मोजण्याची रीत वेगळी. मला विचाराल तर प्रश्न एवढाच, की तुमची आई सहा महिन्यांनंतरही काय करत असेल?

एकटीनं करायचं म्हटलं की आमची आई तिसऱ्या दिवशी टाळते. गटात मात्र मागं राहणार नाही. म्हणून गल्लीतल्या भजनी मंडळाला गळ घातली. मंगळवारी भजनाआधी वीस मिनिटं खुर्ची धरून सगळ्याजणी करतात. कुणी नऊवारीचा काष्टा सावरत, कुणी हसत. उलट तुमच्याकडच्या आत्ती चारचौघांत लाजत असतील, किंवा घर शेतात एका बाजूला असेल, तर फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. पैसे जातात, पण वजन वाढवायला तो पुन्हा येईल हे आधीच ठरवून घ्या. आम्हाला पहिल्यांदा मिळालेला व्यायामाचा कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता, आईला दोन्ही वाचता येत नाहीत. शेवटी मीच मराठीत चित्रं काढून न्हाणीच्या दारावर चिकटवला.

सुरू करण्याआधी रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, डोळे तपासून घ्या. उभ्यानं चक्कर येत असेल तर आधी तिचं निदान.

घरचा भाग आईनं आपल्या पद्धतीनं बसवलाय. ओट्याची कड धरून टाचा वर-खाली, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. चौथी झाली तर म्हणते, "आज डाळ जुनी होती गं."