सीटीआरआय संकेतस्थळ : सोलापूरच्या रुग्णाला कितपत उपयोगी?
औषधचाचण्यांची ही सरकारी नोंदवही फुकट पाहता येते. २००९ पासून औषधचाचणीची इथे नोंदणी सक्तीची आहे. आजाराचं इंग्रजी नाव टाका आणि थेट चाचणीच्या ठिकाणांचा तक्ता गाठा. सोलापूर दिसलं तरी त्याच केंद्राला नैतिकता समितीची (रुग्णांची सुरक्षा आणि हक्क पाहणारी समिती) मंजुरी आहे का आणि भरती सुरू आहे का, ते तपासा. भरतीची नोंद बऱ्याचदा जुनी राहते, म्हणून फोन करूनच निघा.

सगळं इंग्रजीत, ही मोठी उणीव. विडी वळणाऱ्या बाईने वाचायचं कसं? केंद्र पुण्यात असलं तर अंतर सुमारे २५० किलोमीटर. प्रत्येक फेरीला मजुरी बुडते. केंद्र इथेच असलं तर ती वाचते, शिवाय समन्वयक, नर्स, लॅबवाल्यांना गावातच काम मिळतं. संमतीपत्र मराठीतच मागा, प्रवासखर्च कोण देणार तेही विचारा.