सल्फेटसाठी नॅनोफिल्टर घेतला, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

बोअरचं पाणी दिसायला एकदम काचेसारखं पण जिभेवर कडवट, आणि घरी कोणी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलंच म्हणून समजा, आम्हाला सवय झालेली. लॅबला दिलं तर सल्फेट (पाण्यात विरघळलेला एक क्षार) लिटरला ७८० मिलिग्रॅम! हे उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं अजून वाढतं. कार्बन, यूव्हीचा शून्य उपयोग. एक दुकानदार यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, जास्त मोठ्या छिद्रांची जाळी) गळ्यात मारत होता, त्यातून तर सल्फेट आरामात पार होतं.

शेवटी नॅनोफिल्ट्रेशन मेंब्रेनवालं मशीन बसवलं. पहिल्याच दिवशी टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवला, १६५० चे फक्त ६२० झालेले, डोकंच फिरलं, फोन करून भांडलो पण. मग टेक्निशियन आला आणि काही न बोलता दोन टेस्ट ट्यूबमध्ये बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले, सल्फेट असलं की त्याने पाणी पांढरं होतं. बोअरचं पाणी क्षणात दुधाळ, फिल्टरचं जेमतेम धुरकट. नंतर लॅब रिपोर्टमध्ये सल्फेट ७८० वरून २८ आलं. झालं असं की मेंब्रेनवर निगेटिव्ह चार्ज असतो, सल्फेटवर डबल निगेटिव्ह आणि आकारानेही मोठा, त्यामुळे तो अलीकडेच अडतो, क्लोराइडसारखं छोटं एका चार्जवालं बरंचसं निसटतं. मीटर बिचारा सगळ्याच क्षारांचा मिळून आकडा दाखवतो. आणि आरओपेक्षा कमी प्रेशरवर चालतं, हा बोनस.

आता रडगाणं. रिजेक्टचं (अडलेले क्षार घेऊन बाहेर जाणारं) पाणी वाया जाताना बघवेना म्हणून मी शहाणपणा करून त्याचा वॉल्व्ह आवळला. दहा लिटरमधून आठ लिटर चांगलं काढलं की अडलेलं सगळं सल्फेट उरलेल्या दोन लिटरमध्ये, म्हणजे जवळपास पाचपट, आणि तिथे कॅल्शियम भेटलं की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा कडक थर! तीन महिन्यांत धार करंगळीएवढी झाली, रिजेक्टच्या नळीत पांढरे खडबडीत खडे. सायट्रिक ॲसिड फिरवून बघितलं, ढिम्म हललं नाही (ते कार्बोनेटच्या थराला चालतं, जिप्समला नाही हे नंतर कळलं). मेंब्रेन नवीन घ्यावं लागलं. आता अँटीस्केलंट (थर जमू न देणारं रसायन) चालू आहे आणि वॉल्व्ह निम्म्यावर, त्याला हात लावत नाही.

कंपनीवर राग एवढाच की मॅन्युअलमध्ये या वॉल्व्हबद्दल एक ओळ नाही, आणि रिजेक्टचं काय करायचं यावर तर चकार शब्द नाही. सल्फेट नाहीसं होत नाही ना, फक्त एकीकडे गोळा होतं, झाडांना घालायची पण हिंमत होत नाही. पाच पैकी चार स्टार.