अधिवेशनाच्या दिवसांतले बेळगाव आणि आमचा नेहमीचा लॉज

शहापूर-वडगावच्या मागांवरच्या साड्या घेण्यासाठी मी कोल्हापूरहून वर्षातून चार-पाच वेळा बेळगावला जातो आणि गेली सहा वर्षे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एकाच लॉजमध्ये उतरतो. लॉजचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातला निम्मा दोष त्यांचा नाही. एरवी येथे स्वच्छ चादरी असतात, पहाटेपासून कढत पाणी येते, गल्ल्यावरचे व्यवस्थापक मराठी आणि कन्नड सारख्याच सफाईने बोलतात आणि खालच्या खानावळीत मिळणाऱ्या ज्वारीच्या भाकरीसाठी मी मुक्काम एका दिवसाने लांबवलेला आहे.

कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले की मात्र हे सारे बदलते. बेळगावात पहिले अधिवेशन 2006 साली झाले आणि 2012 मध्ये हलगा-बस्तवाडजवळ सुवर्ण विधानसौध उभी राहिल्यापासून बहुतेक डिसेंबरांत ते येथेच भरते. पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरात त्या दिवसांत मंत्री, आमदार, सचिवालयाचे कर्मचारी, वाहनचालक आणि बंदोबस्ताचे पोलीस एकदम उतरतात. त्यात लग्नसराई असल्याने खोली मिळणे हीच मोठी गोष्ट ठरते.

मी आगाऊ रक्कम भरून दुसऱ्या मजल्यावरची खोली ठरवली होती. अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा असल्याने कोगनोळी नाक्यावर तपासणीसाठी आमची बस पाऊण तास थांबली आणि मी पोहोचेपर्यंत दुपार टळून गेली. तोवर माझी खोली बंदोबस्तावरच्या पोलिसांना दिली गेली होती व मला गच्चीलगतची पत्र्याची खोली मिळाली. दारासमोरच्या दोरीवर खाकी गणवेश वाळत होते आणि आत जायचे तर त्यांच्या बाह्या बाजूला साराव्या लागत. रात्री पत्रा इतका गार पडला की मी शाल पांघरून, वर नमुन्याच्या दोन साड्या घेऊन झोपलो. शेजारच्या खोलीतल्या गदगच्या हवालदाराने सकाळी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी पुढे केली, तीच त्या मुक्कामातली सर्वांत चांगली न्याहारी. खानावळीतल्या भाकऱ्या रात्री आठलाच संपत होत्या आणि थाळीचा दर वीस रुपयांनी चढला होता.

सरकारी मागणी आली की नाही म्हणता येत नाही आणि त्याचे देयकही सावकाश मिळते, असे व्यवस्थापकांनी सांगितले. ते मला पटले. न पटणारी गोष्ट एवढीच की माझा दूरध्वनी क्रमांक त्यांच्या वहीत असताना आदल्या दिवशी एक फोन करणे त्यांना जमले नाही. तसे कळले असते तर मी सहज आठवडाभर थांबलो असतो. भाड्यातले दोनशे रुपये त्यांनी परत दिले, पण मी मागितल्यावर.

बाजारात मात्र वेगळे चित्र होते. कुंद्याच्या दुकानात परगावच्या गाड्यांचे चालक किलोकिलोने खोकी बांधून घेत होते, तर वडगावातले माझे विणकर व्यापारी रस्ते अडल्यामुळे गिऱ्हाईक फिरकत नसल्याचे सांगत होते.

एरवीच्या मुक्कामाला मी पाचपैकी चार गुण देईन आणि या मुक्कामाला दोन. निघताना व्यवस्थापकांनी जानेवारीतल्या तारखेपुढे माझे नाव आणि दुसऱ्या मजल्यावरची समोरची खोली लिहून घेतली. आगाऊ रक्कम मात्र या वेळी त्यांनी मागितली नाही आणि मीही काढली नाही.