जाहिरातीतला जॉनी, विश्रामबागचं मेडिकल की सिव्हिलची ओपीडी?

सांगलीत नुकतंच लग्न झालेल्या पोरांचा प्रश्न हल्ली ठरलेला असतो: रणवीर आणि त्या टकल्याची जाहिरात आली होती, ते मागवू का? मागवायला हरकत नाही. पण नेमकं काय मागवताय आणि कुणाच्या भरवशावर, ते आधी बघून घ्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बोल्ड केअर या पुरुषांच्या लैंगिक तक्रारींवरचा माल ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीने रणवीर सिंग आणि अमेरिकेतला मुरलेला पॉर्न नट जॉनी सिन्स यांना सासू-सुनेच्या मालिकेच्या थाटात एकत्र आणलं. जाहिरातीत बायकोची तक्रार आहे ती जॉनीबद्दलच. ज्याला बघून पोरं स्वतःला कमी समजतात, त्यालाच अडचण आलेली दाखवायची, ही कल्पना डोकेबाज आहे. मालिकांमधल्या काहींना ती झोंबली, पण चारचौघांत हा विषय निघायला लागला हे खरं. रणवीरने २०१४ मध्ये ड्युरेक्सची जाहिरात केली होती, सनी लिओनी मॅनफोर्ससाठी दिसायची. ते मानधनावरचं काम. बोल्ड केअरमध्ये मात्र रणवीर स्वतः भागीदार आहे. शिफारस करणारा आणि गल्ल्यावर बसणारा एकच, हे डोक्यात ठेवून जाहिरात बघायची.

आता जॉनीचा अनुभव तुमच्या उपयोगाचा किती? पडद्यावरचा वेळ तुकड्या-तुकड्यात शूट होतो आणि जोडला जातो, त्याच्याशी घड्याळ लावण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे त्या पॉर्न इंडस्ट्रीचा भर कंडोमपेक्षा गुप्तरोगाच्या तपासणीवर, साधारण दर १४ दिवसांनी. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात शूटिंगला कंडोम सक्तीचा करायचा प्रस्ताव मतदानाला आला, तर अनेक कलाकारच विरोधात उभे राहिले आणि तो पडला. म्हणजे ज्या वस्तूची सांगलीतल्या जोडप्याला सगळ्यात जास्त गरज पडते, तिच्याशी या मंडळींचं फारसं सख्य नाही.

अनुभवी माणसाचाच शब्द हवा असेल तर तो आपल्या गावात आहे. संग्राम संस्थेने १९९२ पासून सांगलीत धंद्यातल्या बायकांबरोबर काम सुरू केलं, आणि कंडोम वाटायचं, वापरायला शिकवायचं काम त्या बायकांनीच हातात घेतलं. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, व्हॅम्प. २००५ मध्ये अमेरिकी सरकारच्या निधीला वेश्याव्यवसायविरोधी शपथेची अट चिकटली, तर संस्थेने निधीच नाकारला. अशा कामातून जे शिकवलं जातं ते जाहिरातीत कधी येत नाही. तारीख बघा. पाकीट चिमटीत दाबा, आत हवेचा फुगा जाणवला पाहिजे. नसेल तर कुठेतरी भोक आहे, टाकून द्या. आतली वस्तू बोटाने एका कडेला सरकवा, मग दुसऱ्या कडेने फाडा, दाताने नाही. लावताना टोक चिमटून हवा काढा. खोबरेल किंवा बॉडी लोशन लावलं की लेटेक्स कमजोर होऊन फाटतं. ओलावा हवा असेल तर पाण्याच्या बेसचं जेल घ्या.

हा कंडोम सिव्हिलमध्ये, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. निरोध १९६८ पासून चालू आहे. चकचकीत डब्यातल्या कंडोमला आणि निरोधला चाचणीचे सरकारी नियम तेच. जास्तीचे पैसे जातात ते वास, पातळपणा आणि जाहिरातीला. ते आवडत असेल तर जरूर द्या, पण सुरक्षा विकत घेतोय असं समजून देऊ नका.

‘टाइम’ वाढवणाऱ्या स्प्रेचं सोपं आहे. यात बहुतेक लिडोकेन असतं, दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात तेच. थोडा आधी मारायचा आणि नंतर पुसायचा. नाही पुसला तर बायकोही बधिर, मग तिच्या समाधानाची जाहिरात कशाला बघितली! ‘एक्स्ट्रा टाइम’ लिहिलेल्या कंडोममध्ये त्याच जातीचं बेंझोकेन असतं. ऑनलाइन स्प्रेच्या किमतीत ते कितीतरी येतील. त्यामुळे आधी मेडिकलमधून एक पाकीट आणून बघा, जमलं तर स्प्रेचा खर्च वाचला.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी ऑनलाइनला मागे ठेवतो. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही चिठ्ठीवरची औषधं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, म्हणजे नायट्रेट, ज्याला चालू आहे त्याने ही औषधं घेतली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. मोबाइलवर चार प्रश्नांत डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर तुमचा बीपी कुणी मोजला? शिवाय चाळिशीतली ताठरतेची अडचण ही पुष्कळदा साखरेची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांची पहिली खूण असते. गोळीने काम भागलं की ती खूण झाकली जाते.

‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ पावडरी आणि भिंतीवरचे ‘निराश होऊ नका’ वाले, त्यांना या तुलनेत जागाच नाही. अशा मालात गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, कैक वेळा दिलेत. कामशक्ती वाढवायच्या औषधाची जाहिरात आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंद आहे, तरी भिंती रंगतातच. बड्या चेहऱ्यांवर निदान २०१९ च्या ग्राहक कायद्याचा लगाम आहे: दिशाभूल केली तर १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाख.

ऑनलाइनचा खरा फायदा एकच, साधं खोकं. गणपती पेठेत काउंटरवर शेजारच्या काकू उभ्या असल्या की आपण खोकल्याचं औषध घेऊन परत येतो, मी काय नवीन सांगतोय! काहीजण तेवढ्यासाठी मिरजेला जातात. तर कंडोम, जेल एवढंच हवं असेल आणि लाज मोडत नसेल तर बेलाशक घरी मागवा. स्प्रेही एकदा बघायला हरकत नाही. पण त्रास दोन-तीन महिने टिकला, किंवा वय चाळिशीपुढे असेल, तर सिव्हिलला जाऊन केसपेपर काढा. तिथे त्वचारोग आणि गुप्तरोगाची ओपीडी असते. खासगीत जायचं तर बीपी-शुगर बघणारा तुमचा नेहमीचा डॉक्टर आधी गाठा. जाताना चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा खिशात टाका, पहिला प्रश्न त्यांचाच येतो.